सरासरीएवढा पाऊस कधी पडतो का? गोष्ट सिमरॉन काउंटीची



आजचा भाग एका फोटोपासून सुरू करूया. वर्ष १९३६, महिना एप्रिल. एक शेतकरी डोकं खाली घालून, वाऱ्याला खांदा देत चाललाय. शेजारी त्याचा मुलगा. आणि धाकटा मुलगा मागे पडलाय, एक हात डोळ्यांवर आडवा धरून. तिघांच्या पुढ्यात एक लाकडी खोपटं आहे. कुंपणाचे खांब निम्मे मातीत गेलेत. आकाश कुठे संपतं आणि जमीन कुठे सुरू होते, काही कळत नाही. सगळीकडे फक्त धूळ.

हा फोटो काढणारा आर्थर रोथस्टीन तेव्हा अवघा वीस वर्षांचा होता. म्हणजे हा भाग ऐकणाऱ्या तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या वयाचा. अमेरिकन सरकारच्या एका खात्यानं त्याला कॅमेरा देऊन गावोगाव पाठवलं होतं. पुढे अमेरिकेतल्या त्या भयंकर धुळीच्या दशकाचा चेहरा म्हणून हाच फोटो जगभर गेला. भाग संपल्यावर मोबाइलवर नक्की शोधून बघा.

फोटो जिथे काढला ती जागा म्हणजे सिमरॉन काउंटी, राज्य ओक्लाहोमा. आज आपण तिथेच जाणार आहोत. आणि एकच प्रश्न डोक्यात ठेवणार आहोत: त्या माणसांना फसवलं कुणी? पावसानं, की पावसाबद्दलच्या समजुतीनं?

आधी नकाशा

काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी एक सरकारी विभागणी समजा. ओक्लाहोमाचा नकाशा पाहिलात तर तो दांडी असलेल्या तव्यासारखा दिसतो. त्या दांडीचं पश्चिमेकडचं शेवटचं टोक म्हणजे सिमरॉन. कॅन्सस, कोलोरॅडो, न्यू मेक्सिको आणि टेक्सास, अशी चार परकी राज्यं या एका काउंटीला खेटून आहेत. अख्ख्या अमेरिकेत अशी दुसरी काउंटी नाही.

क्षेत्रफळ साधारण पावणेपाच हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्याच्या निम्म्याहून थोडं कमी. आणि लोकसंख्या? २०२०च्या जनगणनेत २,२९६. हो, बरोबर ऐकलंत. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम गावातली माणसं अर्ध्या साताऱ्यात पसरून टाका, की झाली सिमरॉन काउंटी.

ही सपाट जमीन आहे, पण सखल नाही. अमेरिकेच्या मधोमध जी प्रचंड मैदानं आहेत, त्यांच्या पश्चिमेकडच्या उंच भागाला हाय प्लेन्स म्हणतात, म्हणजे उंचावरची माळरानं. काउंटीचं मुख्य गाव बॉइस सिटी समुद्रसपाटीपासून बाराशे मीटरांहून जास्त उंचीवर आहे. वायव्य कोपऱ्यातलं ब्लॅक मेसा हे १,५१६ मीटर उंचीचं पठार तर ओक्लाहोमाचं सगळ्यात उंच ठिकाण. पण गाडीतून जाताना ही उंची जाणवत नाही. रॉकी पर्वताकडे जमीन इतकी हळूहळू चढत जाते, की आपण चढतोय हे फक्त कान आणि गाडीचं इंजिन यांनाच कळतं.

ढग येतात कुठून?

शाळेत भूगोलात 'पर्जन्यछायेचा प्रदेश' शिकलो होतो, आठवतंय? अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्री चढताना पाणी सांडून मोकळे होतात आणि पलीकडे माण-खटावला उरतो तो वारा. सिमरॉनचंही असंच. पश्चिमेला पॅसिफिक महासागर आहे, पण मध्ये रॉकी पर्वत आडवा उभा. तिकडून येणारी हवा डोंगर ओलांडेपर्यंत कोरडी होऊन जाते.

मग पाऊस येतो कुठून? दक्षिणेकडून, मेक्सिकोच्या आखातातून. ते आखात इथून हजारएक किलोमीटर लांब. उन्हाळ्यात तिकडून दमट हवेचा एक झोत उत्तरेकडे वाहतो. तो झोत जोरात असला आणि इथपर्यंत पोचला, तर पाऊस. वाटेतच ढेपाळला किंवा पूर्वेकडे वळला, तर बसा आभाळाकडे बघत.

वर्षाचा बराचसा पाऊस मे ते ऑगस्टमध्ये पडतो आणि तोही वळवासारखा. गडगडाट, विजा, गारा आणि तासाभरात खेळ खल्लास. एका शेतात पाणी साचतं आणि पलीकडच्या शेतात धुरळा उडत असतो. त्यात वारा. अडवायला ना झाड ना टेकडी, त्यामुळे वसंतात तो दिवसदिवस वाहतो. ऊन कडक, हवा कोरडी. म्हणजे जे पाणी पडतं, त्यातलंही कितीतरी पिकाच्या मुळाशी जाण्याआधीच वाफ होऊन उडतं.

वर्षाची सरासरी निघते साधारण सव्वाचारशे ते साडेचारशे मिलिमीटर. माणच्या शेतकऱ्याला हा आकडा परका वाटणार नाही.

पण थांबा. या 'सरासरी' शब्दापाशीच आजची खरी गोष्ट आहे.

समजा, पाच वर्षांत पाऊस असा पडला: ६००, ५५०, ५००, ३०० आणि २५० मिलिमीटर. हे आकडे मी फक्त हिशेबासाठी घेतलेत. बेरीज २,२००, सरासरी ४४०. आता सांगा, ४४० मिलिमीटर पाऊस कुठल्या वर्षी पडला? एकाही वर्षी नाही! पहिली तीन वर्षं बघणारा म्हणेल, काय झकास जागा आहे. शेवटची दोन बघणारा म्हणेल, इथे कशाला मरायला आलो. दोघंही खरं बोलतायत आणि दोघांचंही चुकतंय. निमकोरड्या प्रदेशाचं हवामान म्हणजे सरासरी नव्हे. तिथलं हवामान म्हणजे हा चढउतारच. आणि तिथली चांगली वर्षं जोडीनं येतात, तशी वाईट वर्षंही रांगेनं येतात.

गवताला हे माहीत होतं

हे गणित एका रहिवाशाला नीट ठाऊक होतं. ते म्हणजे गवत.

ब्लू ग्रामा आणि बफेलो ग्रास ही इथली मूळची गवतं. दिसायला बुटकी, घोट्याएवढी. पण त्यांचा खरा संसार जमिनीखाली. बारीक मुळांचं इतकं दाट जाळं, की माती त्यात विणल्यासारखी धरून ठेवलेली असते. पाऊस आला की गवत हिरवं होतं, नाही आला की पिवळं पडून झोपी जातं. मरत नाही. दोन वर्षं दुष्काळ पडला तरी मुळं माती सोडत नाहीत आणि वाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

त्या गवतावर बायसनचे कळप चरायचे आणि कळपांच्या मागे कोमांची, कायोवा असे मूळ रहिवासी फिरायचे. फिरायचे, हे महत्त्वाचं. इथे पाऊस नाही झाला तर तिकडे जायचं. एका जागी खुंट मारून बसण्यासारखी ही जमीनच नव्हती.

१८७०च्या दशकात शिकाऱ्यांनी या मैदानांतले बायसन कातड्यासाठी जवळपास संपवले. मूळ रहिवाशांना सैन्यानं राखीव प्रदेशात कोंडलं. मग गुरांचे मोठे कळप आले. आणि या दांडीच्या तुकड्याची कायदेशीर अवस्था तर आणखी विचित्र होती. १८५०मध्ये गुलामगिरीच्या वादातून झालेल्या तडजोडीत टेक्सासनं ही पट्टी सोडून दिली आणि त्यानंतर ती कुठल्याच राज्यात नव्हती. १८९०मध्ये ओक्लाहोमा प्रदेशाला जोडली जाईपर्यंत, चाळीस वर्षं, तिचं नावच पडलं होतं 'कुणाचीच नसलेली जमीन'.

नांगरामागून पाऊस?

आता गंमत बघा. १८२०मध्ये स्टीफन लाँग नावाचा लष्करी अधिकारी या मैदानांतून फिरला आणि त्याच्या मोहिमेच्या नकाशावर या भागाला नाव दिलं गेलं 'महान अमेरिकन वाळवंट'. शेतीला नालायक, असा शेरा.

साठ वर्षांनी तेच लोक म्हणायला लागले, अहो, हे तर नंदनवन! काय बदललं होतं? १८८०च्या दशकातली बरीच वर्षं पावसाची गेली होती. त्यावर एक सिद्धांतही तयार झाला. जमीन नांगरली की ती पाणी पिते, ते पाणी वाफ होऊन वर जातं, ढग होतात आणि पाऊस पडतो. म्हणजे नांगर पुढे, पाऊस मागे. हे कुणी गावगप्पा मारणारे सांगत नव्हते. सॅम्युएल ऑगी हा नेब्रास्का विद्यापीठातला प्राध्यापक हे सांगत होता, आणि चार्ल्स डेना विल्बर यानं १८८१मध्ये त्याचीच घोषणा करून टाकली. रेल्वे कंपन्यांना जमिनी विकायच्या होत्या, त्यांना तर हे हवंच होतं.

पण एक माणूस उलटं सांगत होता. जॉन वेस्ली पॉवेल. यादवी युद्धात एक हात गमावलेला हा भूगर्भशास्त्रज्ञ होडीतून ग्रँड कॅन्यन पार करणारा म्हणून प्रसिद्ध होता. १८७८मध्ये त्यानं सरकारला कोरड्या प्रदेशांबद्दल एक अहवाल दिला. त्याचं म्हणणं साधं होतं. वर्षाला वीस इंच, म्हणजे पाचशेएक मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस असेल, तर नुसत्या पावसावर शेती भरवशाची नाही. ही सीमारेषा जाते साधारण शंभराव्या रेखावृत्ताच्या आसपास. सिमरॉन काउंटी त्या रेषेच्या बरीच पश्चिमेला.

तेव्हाचा कायदा काय होता? १८६२च्या होमस्टेड कायद्यानं कुटुंबामागे १६० एकर जमीन जवळजवळ फुकट. पाच वर्षं राहा, कसा, तुमची झाली. पूर्वेकडच्या ओल्या प्रदेशात १६० एकर म्हणजे चिक्कार. पॉवेल म्हणाला, इकडे हा हिशेब चालणार नाही. इथे जनावरं पाळून जगायचं तर कुटुंबाला २,५६० एकर लागतील. सोळा पट! आणि पाण्याची वाटणी लोकांनी मिळून करावी.

कुणाला आवडणार हे? जमीन विकणाऱ्यांना नाही, मतं मागणाऱ्यांना नाही आणि नव्या आयुष्याचं स्वप्न घेऊन निघालेल्यांनाही नाही. अहवाल बाजूला पडला. पुढे १९०९मध्ये कायद्यानं ३२० एकर केले, १९१६मध्ये गुरं पाळण्यासाठी ६४०. म्हणजे वॉशिंग्टनला हळूहळू कळत होतं, पण पॉवेलच्या आकड्यापर्यंत ते पोचलेच नाहीत.

झाडांचं गाव, झाडांशिवाय

१९०८मध्ये काही दलालांनी सिमरॉनमध्ये प्लॉट विकायला काढले. छापील माहितीपत्रकात काय नव्हतं? पक्के रस्ते, टुमदार घरं, दुतर्फा झाडं. गावाचं नाव बॉइस सिटी. 'बॉइस' हा शब्द आला फ्रेंचमधून, अर्थ झाडीनं भरलेलं.

लोकांनी दूरच्या राज्यांत बसून पैसे भरले. गाडीतून उतरले तर समोर उघडा माळ. ना रस्ता, ना घर, ना झाड. प्लॉटच्या जाहिराती बघून जागा घेतलेल्या मंडळींना वेगळं सांगायला नको. टपालातून फसवणूक केल्याच्या गुन्ह्यात ते दलाल तुरुंगात गेले. पण गाव राहिलं! फसलेल्यांपैकी काही जण तिथेच थांबले, आणखी लोक आले आणि बॉइस सिटी हे काउंटीचं मुख्य गाव झालं. १९२५मध्ये रेल्वेही आली.

दलालांची थाप पकडता आली, कारण माळावर झाड नाही हे डोळ्यांना दिसत होतं. पावसाबद्दलची थाप पकडायला मात्र वीस-पंचवीस वर्षं लागणार होती.

सोन्याचा गहू

पहिलं महायुद्ध पेटलं. युरोपात गव्हाची टंचाई. १९१७मध्ये अमेरिकन सरकारनं गव्हाला बुशेलमागे दोन डॉलरच्या हमीभावाची तरतूद केली. एक बुशेल म्हणजे साधारण सत्तावीस किलो. शेतकऱ्यानं काय करावं? नांगरावं!

त्यात ट्रॅक्टर आला. तव्यांचा नवा नांगर आला, तो एका फेरीत मोठी पट्टी उलथून टाकायचा. कंबाइन हार्वेस्टर आला. १९२०च्या दशकात पाऊसही बरा होता. दूरच्या शहरांतले व्यापारी, शिक्षक असे लोक यायचे, भाड्यानं जमीन घेऊन गहू पेरायचे आणि निघून जायचे, ते थेट कापणीलाच उगवायचे. त्यांना नावच पडलं होतं सुटकेसवाले शेतकरी. १९२५ ते १९३० या काळात दक्षिणेकडच्या या मैदानांत पन्नास लाख एकरांहून जास्त गवताळ जमीन पहिल्यांदा नांगराखाली गेली.

शेतीचं शास्त्रही मदतीला होतं. वरची माती बारीक करून तिचा भुसभुशीत थर ठेवायचा म्हणजे खालची ओल उडत नाही, असं तेव्हा कोरडवाहू शेतीत शिकवायचे. आपल्याकडे एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी म्हणतात, तसंच काहीसं. तत्त्व अगदीच चुकीचं नव्हतं. पण जिथे वाऱ्याला आडकाठी नाही, तिथे लाखो एकरांवर पिठासारखी माती उघडी टाकायची म्हणजे काय, हा विचार फार थोड्यांनी केला.

१९३१मध्ये गव्हाचं भरघोस पीक आलं. पण जगभर मंदी होती. भाव बुशेलला अर्ध्या डॉलरच्याही खाली गेला. धान्य पिकवण्याचा खर्चही निघेना. सुटकेसवाले गेले ते परत आलेच नाहीत. त्यांची शेतं तशीच पडली. गवत आधीच गेलेलं, आता पीकही नाही.

आणि नेमका तेव्हाच पाऊस थांबला.

काळा रविवार

१९३२पासून धुळीची वादळं वाढत गेली. मे १९३४मध्ये मैदानांतली धूळ उडून थेट न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनवर पसरली. अटलांटिकमधल्या जहाजांच्या डेकवरही ती पडली. पण ती झाली शहरांची बातमी. इथे रोजचं जगणंच धुळीत होतं.

बायका खिडक्यांना ओल्या चादरी लावायच्या, दारांच्या फटी कागदाच्या चिकटपट्टीनं बुजवायच्या. ताटं जेवायला बसेपर्यंत पालथी ठेवायची. तरी घासाला कचकच लागायचीच. धुळीच्या वादळात हवेत इतकी वीज साचायची, की लोक मोटारीच्या मागे साखळी लोंबती सोडायचे, वीज जमिनीत उतरावी म्हणून. चारा संपला तेव्हा रशियन थिसल नावाचं काटेरी तण मीठ लावून जनावरांना घातलं. फुप्फुसात धूळ जाऊन लहान मुलं आणि म्हातारी माणसं आजारी पडायला लागली. डॉक्टरांनी त्याला धुळीचा न्यूमोनिया म्हटलं. रेडक्रॉसनं तोंडाला लावायला मास्क वाटले.

१४ एप्रिल १९३५, रविवार. कित्येक आठवड्यांनी आकाश निळंशार होतं. वारा शांत. लोकांनी खिडक्या उघडल्या, घरं झाडून काढली, कपडे वाळत घातले. कुणी चर्चला गेलं, कुणी सहलीला.

दुपारनंतर उत्तरेकडून एक काळी भिंत सरकत आली. तिच्यापुढे पक्ष्यांचे थवे पळत होते. तापमान झपाट्यानं उतरलं. संध्याकाळी पाचच्या सुमारास ती बॉइस सिटीवर कोसळली आणि दिवसाढवळ्या अंधार झाला. स्वतःचा हात दिसेना. बऱ्याच जणांना वाटलं, जगाचा शेवट आला. या दिवसाला आजही काळा रविवार म्हणतात.

असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचा बातमीदार रॉबर्ट गायगर त्या दिवशी बॉइस सिटीच्या परिसरातच या वादळात सापडला होता. दुसऱ्या दिवशीच्या त्याच्या बातमीत दोन शब्द होते: डस्ट बोल. धुळीचं वाडगं. शब्द असे चिकटले, की त्या आख्ख्या काळाचं आणि प्रदेशाचं तेच नाव झालं.

गेले किती, राहिले किती?

सिनेमा-कादंबऱ्यांमुळे आपल्या डोळ्यांसमोर येतं ते चित्र म्हणजे गाडीवर गाद्या बांधून कॅलिफोर्नियाला निघालेलं कुटुंब. जॉन स्टाइनबेकच्या 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' या कादंबरीतलं जोड कुटुंब तर याचं प्रतीकच झालं. पण हे कुटुंब ओक्लाहोमाच्या पूर्व टोकाचं दाखवलंय. धुळीच्या वाडग्यापासून कितीतरी लांबचं.

खऱ्या सिमरॉनमध्ये १९३०च्या जनगणनेत ५,४०८ माणसं होती, १९४०मध्ये ३,६५४. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा कमी झाला. केवढी मोठी जखम! पण आकडा उलटा वाचा. तिघांपैकी दोघं राहिले.

का राहिले? कुणाकडे जायला पैसे नव्हते, कुणाकडे जायला जागा नव्हती. आणि कुणाला खात्री होती, की पुढचं वर्ष चांगलं येईल. शेजारच्या टेक्सास काउंटीत (नाव टेक्सास, पण आहे ओक्लाहोमातच) कॅरोलाइन हेंडरसन नावाची एक शेतकरी बाई होती. शिकलेली, १९०७मध्ये एकटीनं येऊन जमीन घेतलेली. तिनं तिथल्या जगण्याबद्दल लिहिलेली पत्रं १९३६मध्ये 'अटलांटिक' मासिकात छापून आली. धुळीची सगळी वर्षं तिनं आणि तिच्या नवऱ्यानं त्याच शेतावर काढली.

पुढचं वर्ष चांगलं येईल! ही आशा आपल्या ओळखीची आहे, नाही का? वाईट एवढंच, की याच आशेनं १९२०च्या दशकात जमीन नांगरायला लावली होती आणि याच आशेनं १९३०च्या दशकात माणसांना जिवंत ठेवलं.

मग दोष कुणाचा?

पाऊस का थांबला, याचं उत्तर आज बऱ्यापैकी मिळालंय. २००४मध्ये नासाच्या शास्त्रज्ञांनी संगणकावर त्या दशकाचं हवामान पुन्हा मांडून पाहिलं. पॅसिफिकचं उष्णकटिबंधातलं पाणी नेहमीपेक्षा किंचित थंड होतं आणि अटलांटिकचं किंचित गरम. एवढ्याशा फरकानं आखातातून येणारा तो दमट झोत कमजोर पडला आणि त्यानं वाट बदलली. हे माणसाच्या हातात नव्हतं.

झाडांच्या खोडातली वलयं मोजून शास्त्रज्ञांनी आणखी एक गोष्ट दाखवलीय. तेराव्या आणि सोळाव्या शतकात अमेरिकेच्या पश्चिम भागात याहून लांबलेले दुष्काळ पडून गेलेत. म्हणजे १९३०चं दशक हा काही हवामानाचा बिघाड नव्हता. ते त्या जागेचं हवामानच होतं, फक्त वाईट बाजूनं आलेलं. आधीच्या दुष्काळांत गवत होतं. या वेळी नांगरट होती. दुष्काळ निसर्गाचा, धूळ माणसाची.

ह्यू बेनेट हा मृदातज्ज्ञ हेच कितीतरी वर्षं कानीकपाळी ओरडत होता. १९३५च्या वसंतात तो वॉशिंग्टनमध्ये खासदारांच्या समितीपुढे माती वाचवण्याबद्दल बोलत होता. असं सांगतात, की मैदानांतली धूळ राजधानीकडे येतेय हे त्याला कळलं होतं, म्हणून तो मुद्दाम बोलणं लांबवत राहिला. मग खिडकीबाहेर आकाश काळवंडलं आणि युक्तिवाद तिथेच संपला. काळ्या रविवारनंतर तेराव्या दिवशी, २७ एप्रिल १९३५ला, मृदसंधारणाचा कायदा झाला.

मग उताराला आडवी नांगरणी, बांधबंदिस्ती, पिकाच्या आणि गवताच्या आलटून पालटून पट्ट्या, वारा अडवायला खोल सऱ्या, असं सगळं सुरू झालं. सऱ्या पाडायला सरकार एकरामागे पैसे द्यायचं. काही उजाड जमिनी सरकारनं विकतच घेतल्या आणि पुन्हा गवताखाली आणल्या. आज सिमरॉन आणि शेजारच्या टेक्सासमध्ये पसरलेलं रीटा ब्लँका हे राष्ट्रीय कुरण त्यातूनच उभं राहिलं. तिथे पुन्हा ब्लू ग्रामा उगवतं. पॉवेलचा अहवाल साठ वर्षांनी थोडासा खरा झाला, पण केवढी किंमत मोजून!

विसरायला किती वर्षं लागतात?

गोष्ट इथे संपली असती तर छान झालं असतं. पण १९४०च्या दशकात पाऊस परतला. दुसरं महायुद्ध आलं, गव्हाचे भाव चढले. आणि? पुन्हा नांगर! १९५०च्या दशकात पुन्हा दुष्काळ, पुन्हा धूळ. मधल्या काळात शिकलेल्या उपायांमुळे यावेळी नुकसान आवाक्यात राहिलं, हे खरं. पण विसरायला दहा वर्षं पुरली, हेही खरं.

त्यानंतर लोकांनी आभाळाचा नादच सोडला आणि जमिनीखाली पाहिलं. या मैदानांखाली ओगलाला नावाचा पाण्याचा प्रचंड साठा आहे, आठ राज्यांत पसरलेला. १९५०नंतर खोल बोअर आले आणि गोल फिरणारे तुषार सिंचनाचे मोठे पाइप आले. विमानातून खाली दिसणारी ती हिरवी गोल शेतं याच पाण्याची. कोरड्या काउंटीत मका उभा राहिला.

पण हे पाणी हजारो वर्षांत साठलेलं आहे आणि दक्षिण भागात त्यात वर्षाला भर पडते एक इंचाहूनही कमी. खर्च मोठा, जमा किरकोळ. कितीतरी ठिकाणी पातळी खोल गेलीय, काही विहिरी बंद पडल्यात. २०११पासूनच्या दुष्काळात पंपच लोकांना तारून गेले. पण बोअर आणखी खोल नेत राहणं म्हणजे काय असतं, हे आपल्याकडच्या कुठल्याही दुष्काळी तालुक्यातल्या पोराला विचारा.

म्हणजे बघा, दर वेळी चूक तीच. आधी चार चांगली वर्षं म्हणजे कायमचा पाऊस असं वाटलं. मग नांगरामागून पाऊस येतो असं वाटलं. मग पंप म्हणजे पाऊस असं वाटलं. रूप वेगळं, पण हट्ट एकच: ही जागा आहे त्याहून ओली आहे असं मानायचं आणि तेवढंच कर्ज काढायचं.

जाता जाता

तर सुरुवातीचा प्रश्न. त्यांना फसवलं कुणी?

पावसानं नाही. पाऊस तिथे नेहमी जसा पडतो तसाच पडत होता, कधी आहे, कधी नाही. फसवलं ते सोयीची वर्षं तेवढी मोजून बाकीची विसरणाऱ्यांनी. त्यात दलाल होते, प्राध्यापक होते, रेल्वे होती, सरकार होतं. आणि थोडेसे ते स्वतःही होते. पण भोगलं फक्त शेवटच्यांनी. दलाल चारचौघांत पकडले गेले, सुटकेसवाले निघून गेले आणि धुळीत चालत राहिला तो बाप आणि त्याची दोन पोरं.

पुढच्या वेळी बातम्यांमध्ये 'यंदा सरासरीइतका पाऊस' असं ऐकाल, तेव्हा दोन प्रश्न विचारा. ही सरासरी किती वर्षांची? आणि तिच्या पोटात वाईटातलं वाईट वर्ष कुठलं दडलंय? कारण विहीर, कर्ज, घर, पीक, सगळं ठरवायचं असतं ते त्या वाईट वर्षाला विचारून. चांगल्या वर्षाचं काय, ते कुणालाही विचारलं तरी होच म्हणतं.

तुमच्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांना आज एक फोन करा. त्यांच्या आठवणीतलं सगळ्यात कोरडं वर्ष कुठलं, तेव्हा घरात काय चाललं होतं, विचारा. जमलं तर रेकॉर्ड करून ठेवा. सरकारी तक्त्यात मिलिमीटर सापडतात, पण ताटं पालथी का ठेवायची, हे तिथे लिहिलेलं नसतं.

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, वाचत राहा आणि हो, पाणी जपून वापरा!